चार पॉइंट दोन कुठे गेली?

४ ऑगस्ट, सोमवार

नाही म्हटलं मी! भर मीटिंगमध्ये, आवाज न चढवता — नाही.

रणजितचं म्हणणं असं, की टूलला जी नोंद वाचता येणार नाही ती सोडून द्यायची आणि पुढे जायचं. "डेमोच्या वेळी स्क्रीनवर लाल काही दिसता कामा नये." मॅनेजर झाल्यापासून त्याला लाल रंगाचं वावडं आहे. मी म्हटलं, सोडूनच द्यायची तर फंक्शन कशाला लिहायचं? डोळे मिटून बसते, त्याला लॅपटॉपसुद्धा लागत नाही. दोघं हसले. रणजित नाही हसला.

राग उतरल्यावर पुन्हा वाचेन तेव्हा माझं मलाच पटावं म्हणून सरळ लिहून ठेवते. आमची कंपनी शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करते. तापमानाचं एक पॅकेज, अलार्मचं एक, दरवाज्यांचं एक. प्रत्येक पॅकेजबरोबर चेंजलॉग नावाची साधी मजकुराची फाइल असते. वर आवृत्तीचा आकडा, खाली काय बदललं ते, आणि शेवटच्या ओळीत दोन आडव्या रेघा, बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख. माझं टूल या फाइली वाचतं आणि ठरवतं — कुठला बदल तातडीचा, कुठल्या शीतगृहाला आजच्या आज पाठवायचा. माणसं फाइल उघडत नाहीत. माणसं टूलचा रिपोर्ट बघतात. म्हणजे टूलनं जे वाचलं नाही ते घडलंच नाही!

जुनं टूलही माझंच. डिसेंबर २०२२ मध्ये लागले आणि पहिल्याच महिन्यात घाईघाईत लिहिलं. आता नव्यानं लिहितेय. एक फंक्शन, म्हणजे टूलमधला एकच काम करणारा तुकडा, फाइलीतून नोंदी सुट्या करणार, दुसरं वरची आवृत्तीची ओळ वाचणार, तिसरं शेवटची नावाची ओळ. आणि यातलं एकही काहीही सोडून देणार नाही. घ्या.

५ ऑगस्ट

रणजितचा मेसेज — "थिंक अगेन."

केला विचार. नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना पप्पांना सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही असं त्यांनाच वाटतं. पण पस्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काढली आहेत माणसानं, नोंदवही म्हणजे काय ते मला काय शिकवायचं त्यांना!

"आमच्याकडे खोडरबर नव्हताच," म्हणाले. "चुकलं की एक रेघ. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, वेळ. गिरगटून ठेवलं कुणी, तर फोरमन वही तोंडावर मारायचा."

"आणि पान फाडलं तर?"

"पान फाडणारा दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर." मग आमटी वाढून घेत म्हणाले, "चुकीला कुणी काही म्हणायचं नाही गं. लपवलेल्या चुकीनं माणसं मेलीत तिथं."

आई म्हणाली, जेवताना नको ते.

ठरलं. टूलला जी नोंद कळणार नाही ती तशीच्या तशी एका वेगळ्या यादीत जाईल. यादीचं नाव — न वाचलेल्या. आणि ती यादी रिपोर्टच्या सगळ्यात वर, लाल अक्षरांत! रणजितला नाही आवडली तर त्यानं गॉगल लावून बघावं.

११ ऑगस्ट, सोमवार

तिसऱ्या फंक्शननं जीव खाल्ला. लोक शेवटच्या ओळीत काय काय लिहितात! एकानं तारखेच्या जागी "काल" लिहिलंय. एकानं ईमेलच्या जागी मोबाइल नंबर. एका महाभागानं "वरीलप्रमाणे". सगळं पकडायचं, काही टाकायचं नाही. नाव ओळखायचा तुकडा जुन्या टूलमधून उचलून तसाच चिकटवला, तेवढाच वेळ वाचला.

संध्याकाळी रणजितनं कॉफीला नेलं. मी लगेच ओळखलं, हा स्वतःच्या पैशानं कॉफी पाजतोय म्हणजे काहीतरी आहे. "तुझ्या आणि टीम लीडच्या पोस्टच्या मध्ये फक्त हे फंक्शन उभं आहे, आम्रपाली. जरा प्रॅक्टिकल हो." मी म्हटलं, उभं आहे तर उभं राहू दे, बसवणार नाही मी त्याला.

पण टीम लीड! खोटं कशाला लिहू, मला हवी आहे ती पोस्ट. खूप हवी आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज अलार्मच्या पॅकेजवर नवं टूल पहिल्यांदा चालवलं. दोनशे सहा नोंदी वाचल्या. एक यादीत टाकली.

आवृत्ती ४.२. तातडीची. "वीज जाऊन परत आल्यावर अलार्म बंदच राहत होता. आता आपोआप चालू होतो." खाली नाव — उत्तरेश्वर.

मी खुर्चीत बसूनच राहिले.

उत्तरेश्वर माझ्या शेजारी बसायचा. माझ्याहून सहा वर्षांनी सिनियर, करमाळ्याकडचा. मला इथलं काम त्यानं शिकवलं. एप्रिल २०२३ मध्ये मांजरीच्या एका शीतगृहात वीज गेली, तासाभरानं आली, यंत्रणा सुरूच झाली नाही आणि अलार्म वाजला नाही. आत द्राक्षं होती. मालक गेनबा, साठीचे, मूळचे तिथलेच शेतकरी. सडक्या द्राक्षांचं एक क्रेट घेऊन ते थेट आमच्या रिसेप्शनला आले आणि टेबलावर ठेवलं. "ह्ये घ्या. ह्ये तुमचं सॉफ्टवेअर." वास आठवडाभर गेला नव्हता.

चौकशी बसली. अलार्मचं काम उत्तरेश्वरकडे. तो म्हणाला, हा दोष मी फेब्रुवारीतच काढलाय, नोंदही केलीय, तातडीची म्हणून. रणजितनं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. काय बोलले ते अक्षरन् अक्षर आठवतंय — "रिपोर्टमध्ये ४.२ नाहीच. माझं टूल खोटं बोलत नाही."

चार पॉइंट एकनंतर थेट चार पॉइंट तीन. मधली कुठे गेली, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे लोक आकडे गाळतात अधूनमधून. फाइल उघडायला दोन सेकंद लागतात. नाही उघडली कुणी. मी पण नाही!

उत्तरेश्वर माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापुरता बोलला, नंतर एक शब्द नाही. मे महिन्यात त्याला कामावरून काढलं. पत्रात लिहिलं होतं, "नोंदी ठेवण्यात गंभीर कसूर." आणि मला काय वाटलं? गप्प बसला म्हणजे चूक त्याचीच असणार. मी असते तर भांडले असते, असंही चारचौघांत म्हटलं होतं मी. सव्वादोन वर्षं तेच धरून बसलेय.

१४ ऑगस्ट

कारण सापडलं. चार मिनिटं लागली. चार!

शेवटच्या ओळीतलं नाव ओळखायला मी अट लिहिली होती — ए ते झेड. बस्स. नावात दुसरी अक्षरं दिसली की फंक्शनला ती शेवटची ओळ वाटतच नाही. शेवट सापडला नाही की नोंद अपुरी. अपुरी नोंद गुपचूप टाकून दे, तेही मीच लिहिलेलं. हीच अट परवा नव्या टूलमध्ये चिकटवली, डोळे झाकून. फरक एवढाच की नवं टूल टाकून देत नाही, म्हणून काल दिसलं.

आणि ४.२ च्या खाली उत्तरेश्वरनं स्वतःचं नाव मराठीत लिहिलंय. एरवी नेहमी इंग्रजीत. अख्ख्या फाइलीत ही एकच नोंद अशी. का? तारीख बघितली. २७ फेब्रुवारी.

मराठी भाषा गौरव दिन. एचआरच्या शर्मिलानं रिसेप्शनला रांगोळी काढली होती, "आज सही मराठीतून" असा फलक लावला होता. मी नथ घालून मिरवत होते. उत्तरेश्वर काम संपवून नोंद करत होता आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हटलं होतं, "अहो करमाळकर, आज तरी नाव मराठीत टाका की!"

तो हसला आणि टाकलं त्यानं. माझ्या सांगण्यावरून.

मराठी मुलगी मी, आणि माझ्या फंक्शनला मराठी नाव म्हणजे कचरा वाटला. लाज वाटते. लिहिताना पण वाटते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. पप्पांना सगळं सांगितलं, फलक आणि नथ धरून.

बराच वेळ पेपरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "तुझे आजोबा फॅक्टरीत लागले तेव्हा हजेरीला अंगठा लावायचे. छप्पनला नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि सहा महिन्यांत सही शिकले. मराठीत. पहिल्या दिवशी बाबूनं नाक मुरडलं. इंग्रजी रजिस्टर आहे म्हणाला. आजोबा म्हणाले, नाव माझं आहे. घेतली त्यानं मुकाट्यानं."

मी पेपर उचलून ठेवला.

"बाबूनं घेतली आमू," म्हणाले. "तुझ्या यंत्रानं नाही घेतली?"

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

रणजितला केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यानं आधी दार लावलं. मग पहिला प्रश्न — "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

उत्तरेश्वरचं काय, हा प्रश्न आलाच नाही. मीच काढला. "सेटल झाला असेल कुठेतरी. दोन वर्षं झाली. अलार्म आता नीट चालतोय, क्लायंट शांत आहे. तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस? एक नोंद आहे. वगळ. कुणाला कळणार आहे?" आणि वर, "शुक्रवारी तुझं टीम लीडचं लेटर काढतोय."

मी म्हणाले, "बघते."

बघते! मी! दोन आठवडे त्या मीटिंगमधल्या "नाही"वर तोरा मिरवणारी मी — बघते म्हणाले!

१९ ऑगस्ट

केलं. सकाळी अकराला एक ओळ घातली. ४.२ आली तर सोडून दे. टूल चालवलं. स्क्रीन हिरवीगार.

चहाला गेले. चहा तसाच ठेवून परत आले.

ओळ काढणार होते, पण पुसली नाही. बंद केली, म्हणजे दिसेल पण चालणार नाही अशी. पप्पांची एक रेघ. बाजूला लिहिलं, "ही मी घातली होती. मीच बंद केली. आम्रपाली, १९ ऑगस्ट." राहू दे तिथे. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

२० ऑगस्ट, बुधवार

टूलच्या स्वतःच्या चेंजलॉगमध्ये नवी नोंद केली. इथे उतरवून ठेवते.

"आवृत्ती २.०. नावात मराठी अक्षरं असली तरी आता नोंद वाचली जाते. जुन्या आवृत्तीनं अलार्म पॅकेजची ४.२ ही उत्तरेश्वर यांची तातडीची नोंद गाळली. त्यांनी ती वेळेवर आणि बरोबर केली होती. मांजरीला नवी आवृत्ती गेली नाही ती या टूलमुळे. चौकशीत मी फाइल न उघडता त्यांच्याविरुद्ध बोलले. टूल माझं, चूक माझी."

खाली दोन आडव्या रेघा आणि नाव. मराठीत.

मग तीच नोंद, सोबत ४.२ ची मूळ फाइल, ईमेलनं सगळ्यांना. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना, कंपनीच्या मालकांपासून. आणि मागणी एकच — उत्तरेश्वरचं ते पत्र मागे घ्या.

दहा मिनिटांत रणजित टेबलापाशी. "एकदा विचारायचंस तरी!" मी म्हटलं, विचारलं होतं की, तुम्ही दार लावून घेतलंत.

 

२१ ऑगस्ट, गुरुवार

उत्तरेश्वरचा नंबर जुनाच आहे. स्वारगेटला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. कंपन्यांमध्ये तीनदा निवड झाली म्हणे, तिन्ही वेळा मागची चौकशी करताना ते पत्र निघालं. हे त्यानं नाही सांगितलं, शर्मिलानं सांगितलं. तिला माहीत होतं! सगळ्यांना थोडं थोडं माहीत असतं इथे.

फोनवर मी एका दमात सगळं बोलले. माफी मागितली. 

"बरं," म्हणाला.

"एवढंच? शिव्या तरी द्या!"

"बॅच बसलीये माझी." मग थोडं थांबून, "फंक्शन दुरुस्त केलं का?"

"हो."

"मग सगळ्या फाइलींवर चालव. जुन्या, बंद पडलेल्या पण."

ठेवला फोन. मला राग आला. खराच आला. मी इकडे नोकरी पणाला लावलीये आणि हा मला अजून काम शिकवतोय! अर्ध्या तासानं कळलं, मला शाबासकी हवी होती. कुठल्या तोंडानं?

२३ ऑगस्ट, शनिवार

मांजरीला गेले, गाडी घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. गेनबा शीतगृहाच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते. सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मान न हलवता.

"म्हंजी त्या पोरानं केलं व्हतं काम?"

"हो. मीच गाळलं."

"आन् म्या त्याला तुमच्या हापिसात समद्यांम्होरं शिव्या घातल्या." उठले, आत गेले, चष्मा घेऊन आले. "नंबर द्या त्याचा. तुमच्यावर नंतर वरडतो. आधी त्याचं बघू द्या."

दिला. नंतर ओरडलेही, सांगितल्याप्रमाणे. पंधरा मिनिटं. मी उभ्यानं ऐकलं, मग त्यांनीच सुनेला चहा टाकायला सांगितला.

२५ ऑगस्ट, सोमवार

शर्मिलानं बोलावलं. समोर दोन पाकिटं. एक माझं. चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला, उद्या सगळं सोपवून जायचं. टीम लीड वगैरे अर्थातच आता विसरायचं. डेमो पुढे ढकललाय.

मी म्हटलं, सही करते, पण आधी उत्तरेश्वरचं पत्र मागे घ्या.

"अटी घालायच्या जागेवर आहेस का तू, आम्रपाली?"

"नाही. तरी घालतेय."

तिनं दुसरं पाकीट माझ्याकडे सरकवलं. उत्तरेश्वरच्या नावाचं. जुनं पत्र रद्द, चौकशीत त्रुटी होती, त्यांच्या कामात कसूर नव्हती. खाली मालकांची सही. "गेनबांनी सकाळी फोन केला होता," म्हणाली. "पुन्हा क्रेट घेऊन येऊ का, असं विचारत होते."

हसू आलं दोघींना. मग मी माझ्या पत्रावर सही केली. मराठीत. शर्मिलानं बघितलं आणि पाकीट बंद केलं.

घरी सांगितल्यावर आई रडली. पप्पा म्हणाले, "जेवून घे."

२६ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचा दिवस, निदान तूर्त. सोपवायच्या आधी टूल सगळ्या फाइलींवर चालवलं, बंद पडलेल्या पॅकेजेसवर पण. त्यानं सांगितलं म्हणून नाही — बरं, त्यानं सांगितलं म्हणूनच. जुन्या टूलनं गाळलेल्या आणि नव्यानं वाचलेल्या नोंदी किती, ते विचारलं.

दोन.

एक ४.२. दुसरी २०२२ मध्येच बंद केलेल्या एका पॅकेजची, ते फक्त उत्तरेश्वर बघायचा. ती फाइल त्यानंतर कुणी उघडलेली नाही. तारीख त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची. जशीच्या तशी उतरवते.

"नाव मराठीत लिहिलं की नोंद गळते. आज कळलं. कुणाला सांगितलेलं नाही, लिहिणारी अजून प्रोबेशनवर आहे. राग आलाय, नाही असं नाही. पण दुरुस्त तिचं तिनं करावं.

हे कुणाला दिसत असेल, तर तिनं केलं.

-- उत्तरेश्वर, १२ मे २०२३"